एकसष्ट किलोची जागा

आमच्या घरात वर्षभर जेवणाच्या टेबलावर माझ्या सासूबाईंच्या वजनावरून भांडण चालू होतं. सासूबाई नागपूरला, आम्ही मिशिगनमध्ये, नोव्हायला. "मी काही आता तिकडे येत नाही," असं त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं. मग त्यांचं वजन धरायचं कशाला, असं माझं म्हणणं. धरायचंच, असं प्रल्हादचं म्हणणं. प्रल्हाद म्हणजे माझा नवरा. वजन धरायचं की नाही हे ठरत नव्हतं, म्हणून ट्रक ठरत नव्हता.

नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई काहीही बोलते.

प्रल्हादने आधी ट्रेलर घेतला. कॅम्पिंगचा ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घरच. स्वयंपाकघर, बाथरूम, दोन खोल्या, सोफा आणि सोफ्यासमोर ही भलीमोठी खिडकी. चौतीस फूट लांब. जवळच्या हॉवेल गावातल्या एका रिटायर्ड जोडप्याने विकायला काढला होता. प्रल्हादने ती खिडकी बघितली आणि "घेतला" म्हणून मोकळा झाला. ओढायला आमच्याकडे काय होतं? माझी हायब्रिड, जी पुलाच्या चढावर स्वतःलाच कशीबशी ओढते. शेवटी विकणाऱ्या म्हाताऱ्यानेच आपल्या ट्रकला जोडून तो ट्रेलर आमच्यासाठी, बोटी-ट्रेलर भाड्याने ठेवतात त्या स्टोरेजच्या यार्डात नेऊन लावला. तो हसला नाही, हा त्याचा चांगुलपणा.

त्यानंतर आम्ही दर रविवारी यार्डात जायचो. ट्रेलर उघडायचा, झाडायचा, चहा करायचा, खिडकीतून शेजारच्या बोटीचं प्लास्टिकचं आवरण बघत प्यायचा आणि घरी यायचं. "हाउ वॉज कॅम्पिंग?" असं निधी विचारायची. निधी आमची मुलगी, सतरा वर्षांची. ती टोमणा कधी मारते आणि खरंच कधी विचारते हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आता सासूबाईंचं. त्यांना मी आईच म्हणते. भंडारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत त्यांनी नोकरी केली, मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाल्या. दर तीन-चार वर्षांनी बदली, नवं गाव, नवी शाळा. बायका बदलीला रडतात, ह्या आदल्या दिवशीच ट्रंक बांधून तयार. एका जागी बसणं त्यांच्या स्वभावातच नाही. आणि अशा बाईला आम्ही दहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा इकडे बोलावलं ते कधी? तर नोव्हेंबरात. काय आमची अक्कल! आम्ही दोघं ऑफिसला, निधी शाळेत, बाहेर बर्फ, गाडी चालवता येत नाही, फूटपाथ कोपऱ्यावर संपतो. सासरे, म्हणजे बाबा, सोबत होते, ते टीव्हीत रमले. आई आपल्या खिडकीशी खुर्ची ओढून बसायच्या. परत जाताना विमानतळावर म्हणाल्या, "प्रल्हाद, घर छान आहे तुझं. पण मला पुन्हा बंद घरात बसवायला बोलावू नकोस." रागाने नाही म्हणाल्या. शाळा तपासून शेरा लिहावा तशा म्हणाल्या.

चार वर्षांपूर्वी बाबा गेले. आई नागपूरच्या इंदोऱ्यातल्या घरात एकट्या. एकुलता एक मुलगा इकडे. तो दरवर्षी जाऊन विचारायचा आणि त्या दरवर्षी नाही म्हणायच्या. त्यांचा दहा वर्षांचा व्हिसा ह्या सप्टेंबरात संपत होता. नव्या व्हिसासाठी पुन्हा मुंबईला खेटे घालायची, कुणातरी पोरगेल्या ऑफिसरच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची आईंची मुळीच तयारी नव्हती. म्हणजे आल्या तर ह्या उन्हाळ्यात, नाहीतर संपलंच. आणि प्रल्हादच्या मनाने घेतलं की बंद घर नको म्हणते ना, मग घरच हलतं करू. हे त्याने मला सरळ कधी सांगितलं नाही. त्याने ट्रेलर घेतला आणि मी काय ते समजून घ्यायचं.

एकदाचा ट्रेलर झाला, आता ट्रक. नोव्हायमध्ये ट्रक घ्यायचाय असं चारचौघांत बोलू नये. आमची अर्धी मंडळी गाड्यांच्या कंपन्यांत कामाला. गेल्या वर्षी चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात बुद्धवंदना झाली, भाषणं झाली आणि जेवणाच्या रांगेत आमच्या मित्राने, दिगंबरने विचारलं, "मग, कोणता घेतोयस?" झालं! दिगंबर सीट बनवतो, तो सीटवर बोलला. त्याच्या मागचा गिअरबॉक्सवर. त्याच्या मागचा म्हणाला की पेंटमध्ये सगळं असतं. भात संपला तरी रांग पुढे सरकेना. प्रत्येकाने आपापल्या कंपनीचा ट्रक सुचवला आणि आपापलं डिस्काउंट देऊ केलं. ट्रक स्वतः कोणीच चालवत नव्हतं.

प्रल्हाद ब्रेकचा इंजिनियर. त्याला कशाच्याही वेगाचं कौतुक नाही, ती गोष्ट थांबेल का एवढंच तो बघतो. त्याच्याकडून मला जे कळलं ते आता मी झोपेतही सांगू शकते. ट्रक किती ओढतो ह्याची जाहिरात होते. पण ट्रक आपल्या पाठीवर किती घेतो ते दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या स्टिकरवर बारीक अक्षरात असतं आणि ते कोणी वाचत नाही. ट्रेलरचं नाक ट्रकच्या शेपटीवर टेकतं, तो भार पाठीवर. सामान पाठीवर. आत बसलेली माणसंही पाठीवरच. म्हणून माणसांची वजनं लागतात.

तर एका शनिवारी दुपारी हा माणूस पेन घेऊन बसला आणि मला म्हणाला, "सुवर्णा, तुझं वजन किती?"

वीस वर्षांच्या संसारात त्याने हा प्रश्न विचारला नव्हता आणि माझ्या मते संसार त्यामुळेच टिकला होता.

"अठ्ठावन्न," मी म्हटलं.

त्याने वर बघितलं नाही. लिहून घेतलं.

"बाबा, यू कान्ट जस्ट आस्क पीपल दॅट," निधी म्हणाली. मग फोनमधून मान वर न काढता, "बावन्न. लायसन्सवर तेच आहे." स्वतःच्या नावापुढे त्याने पंच्याहत्तर लिहिले. मी त्याच्या पोटाकडे बघितलं. मी कुठल्या तोंडाने बोलणार होते?

मग त्याने नागपूरला फोन लावला.

"जय भीम, बाळा. जेवलास का?" आईंचा फोन असाच सुरू होतो.

"जेवलो. तू?"

"माझं मघाशीच झालं." हेही नेहमीचंच.

"आई, तुझं वजन किती?"

"कशाला?"

"ट्रकसाठी."

"मला ट्रकमध्ये घालून कुठे पाठवतोयस?"

"पाठवत नाही गं. हिशेबाला लागतं."

"अरे, मी येत नाहीये म्हणून सांगितलंय ना तुला?"

"नको येऊस. वजन सांग."

"एकसष्ट," आई म्हणाल्या. हजेरी दिल्यासारखं, चटकन.

इथून भांडण सुरू. आईंचे एकसष्ट आणि त्यांच्या बॅगा काढल्या की साधा पिकअप ट्रक कसाबसा पुरत होता. तो मला चालवता आला असता, गराजमध्ये मावला असता. आईंना धरलं की थेट हेवी ड्यूटी, ज्याच्या बॉनेटला माझी हनुवटी लागते आणि जो किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये दोन जागा खाऊन वर शेपूट बाहेर काढतो.

"अरे बाबा, त्या येणार नाहीत!" मी रोज सांगायचे.

"मग जागा रिकामी राहील."

"रिकाम्या जागेसाठी एवढा राक्षस दारात बांधायचा?"

"जागा असली तर बोलावता तरी येईल," तो म्हणाला. "जागाच ठेवली नाही तर कोणत्या तोंडाने बोलावू?"

मी ताट उचललं आणि सिंकमध्ये आदळलं.  

मग ह्या वसंतातले शनिवार डीलरकडे गेले. सेल्समन बिचारा "सर, हा घर ओढेल घर" म्हणून हातवारे करायचा आणि आमचे सर दार उघडून, जमिनीवर गुडघे टेकून चौकटीवरचं स्टिकर वाचायचे. मग पुढचा ट्रक. एकाच मॉडेलचे ट्रक ओळीने उभे, पण प्रत्येकाचा आकडा वेगळा. छताला काच बसवली की तेवढा भार कमी, सीटला लेदर लावलं की आणखी कमी. "बट सर, इट्स द सेम ट्रक," सेल्समन म्हणाला. "नो," प्रल्हाद म्हणाला आणि सरकत पुढच्या दाराशी गेला. तिसऱ्या शनिवारी सेल्समनने त्याला गुडघ्याखाली घ्यायला एक उशी आणून दिली.

डिझेलचं इंजिन जड, म्हणून पाठीवर घ्यायला कमी उरतं. पण उतारावर ते इंजिनच गाडीला मागे अडवून धरतं. ब्रेकवाल्या माणसाला आणखी काय हवं? पांढरा, कापडी सीटचा, बिनकाचेच्या छताचा एक डिझेल निघाला. चार माणसं, त्यांनी आपापल्या तोंडाने सांगितलेली वजनं, ट्रेलरचं नाक, सगळं वजा जाता सामानाला नव्वदेक किलो उरत होते. त्याने घेतला. 

पण पठ्ठ्याने पुढे काय केलं ते ऐका. ट्रेलर जोडला, आत सोफ्यावर फोन खिडकीकडे तोंड करून टेकवून ठेवला आणि गावाबाहेरच्या रस्त्याने एक चक्कर मारून आणली. तेवढाच व्हिडिओ आईंना पाठवला. त्यात काही नाही. खिडकी आणि खिडकीबाहेर मागे जाणारी मक्याची कोवळी शेतं. ना माणूस, ना बोलणं.

दोन दिवसांनी आईंचा फोन. "जय भीम. जेवलास का? ते मागे जात होतं, तो मकाच ना?"

"हो."

"एवढा?"

"आई, तिकीट काढू?"

"जूनचं काढ," आई म्हणाल्या. "थंडीचं नको."

फोन ठेवून तो बाहेर ट्रककडे गेला आणि बराच वेळ आलाच नाही. मी बघायला गेले तर साहेब ट्रकच्या मागच्या सीटवर, आईंच्या जागेवर, पट्टा लावून बसले होते. मी घराचं दार हळूच लावून घेतलं. ट्रकबद्दल त्यानंतर मी वाईट बोलले नाही. पार्किंगबद्दल बोलले.

आई आल्या जूनमध्ये, अंगात स्वेटर, वर शाल. "अहो आई, ऐंशी फॅरनहाइटच्या वर आहे टेंपरेचर," मी म्हटलं. "विमानात गारठले गं," त्या म्हणाल्या. मला त्या आखडल्यासारख्या वाटल्या. प्रवासाचा शीण म्हणून सोडून दिलं. जेवायला अर्धी पोळी घेतली. तोही शीण. आणि मला तेव्हा बघायला वेळ कुठे होता? आम्हाला मॅकिनॉच्या पुलापलीकडे, मिशिगनच्या पार उत्तरेला जायचं होतं आणि पॅकिंग सगळं माझ्या डोक्यावर.

मी लातूरची. आठवड्यातून एकदा नळ यायचा तेव्हा घरातली वाटीसुद्धा भरून ठेवणाऱ्यांतली मी. ट्रेलरची टाकी काठोकाठ भरली, ते ठीक. वर पिण्याच्या पाण्याचे सहा मोठे निळे कॅन भरून ट्रकच्या मागच्या हौद्यात चढवले.

"सुवर्णा, कॅम्पग्राउंडवर नळ आहे," प्रल्हाद म्हणाला.

"नळ आहे आणि नळाला पाणी आहे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

त्याने ह्यावर वाद घातला नाही. विदर्भातला का असेना, उन्हाळे त्यानेही बघितलेत. त्याशिवाय तांदूळ, कुकर, मिक्सर, वरवंट्यासकट छोटा पाटा. पाटा का, हे मला कोणी विचारू नये.

निघालो. प्रल्हाद आणि मी पुढे, आई आणि निधी मागे. तासाभरात हायवेलगत मोठा ट्रक स्टॉप आला, तिथे मालाच्या ट्रकांसाठी वजनकाटा असतो. प्रल्हाद म्हणाला, "एकदा खात्री करून घेऊ." मला माहीतच होतं. मोठमोठ्या अठरा चाकींच्या रांगेत आम्ही उभे राहिलो, काट्यावर चढलो, बाजूला लागलो आणि तो आत जाऊन चिठ्ठी घेऊन आला. खिडकीतूनच त्याचा पडलेला चेहरा दिसला.

"जास्त आहे," सीटवर बसून तो म्हणाला. "ट्रकच्या पाठीवर नव्वद किलो जास्त."

"सो वी आर डूम्ड," निधी म्हणाली.

कोणी काही बोलायच्या आत मागचं दार उघडल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं. आईंनी पट्टा काढला होता, पर्स खांद्याला लावली होती आणि एक पाय खालच्या पायरीवर टाकला होता.

"मी उतरते," त्या म्हणाल्या. "नव्वदातले माझे एकसष्ट गेले, वर माझी बॅग. राहिलेलं काय थोडंफार, ते तुम्ही बघा. त्या दिगंबरला फोन कर, तो मला घरी सोडेल. मी थांबते घरी. खिडकीशी बसेन. तुम्ही जाऊन या." आवाजात काही नाही. गणित सोडवून पाटी दाखवावी तसं.

प्रल्हाद स्टिअरिंगला धरून नुसता बसला. वर्षभर त्याने ते एकसष्ट किलो कोणाला हलवू दिले नव्हते.  मी ओरडले.

"आई, दार लावा!"

"अगं, पण—"

"लावा म्हणते ना! तुमच्यामुळे नाही झालं हे. माझं अठ्ठावन्न लिहिलंय ना त्याने? एकाहत्तर आहे मी. एकाहत्तर! आणि ते पाण्याचे कॅन माझे, तो पाटा माझा. उतरायचंच तर मी उतरते."

शेजारून एक ट्रक घरघरत गेला.

"एकसष्ट," निधी हळूच म्हणाली. "लायसन्सवरचं सोळाव्या वर्षी लिहिलेलं होतं. आय राउंडेड डाउन. अ लॉट."

"अठ्ठ्याऐंशी," प्रल्हाद समोरच्या काचेकडे बघत म्हणाला.

"तू इंजिनियर आहेस!" मी म्हटलं.

"पंच्याहत्तर होतो मी," तो म्हणाला. "लग्नात."

आईंचा पाय अजून पायरीवरच होता. त्या आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघत होत्या, वर्गात चोरी कोणी केली ते कळल्यावर बाई बघतात तशा. मग पाय आत घेतला, दार लावलं, पर्स मांडीवर ठेवली.

"शेहेचाळीस," त्या म्हणाल्या.

"काय शेहेचाळीस?" प्रल्हाद वळला.

"मी. नागपूरच्या विमानतळावर बॅगा ठेवायच्या काट्यावर उभी राहिले होते. ती मुलगी ओरडली, पण आकडा दिसला."

"आई, तू एकसष्ट सांगितलंस."

"होते ना. तुझे बाबा होते तेव्हा." त्या पर्सची चेन लावत, उघडत राहिल्या. "एकटीसाठी काय रांधायचं रे. एक भाकरी टाकली की दोन वेळा पुरते. आणि शेहेचाळीस सांगितले असते तर तू तिकडे नोकरी सोडून पळत आला असतास."

आम्ही तिघं खोटं बोललो ते कमी दिसावं म्हणून. ही बाई खोटं बोलली ती जास्त दिसावी म्हणून. आणि मी तिच्या अर्ध्या पोळीला शीण म्हणत होते. मला एवढं रडू आलं की मी रागाने ग्लोव्ह बॉक्सच उघडून बंद केला.

"आजी, दॅट्स फिफ्टीन लेस," निधी म्हणाली. "बाबा, मग पंधरा कमी झाले ना? नव्वदातले?"

"नाही," प्रल्हाद म्हणाला. त्याने खिशातून पेन काढलं आणि ती चिठ्ठी स्टिअरिंगवर ठेवली. "काट्यावर आजी शेहेचाळीसच बसली होती. ते नव्वदात धरलेलंच आहे. मला एकसष्ट हवेत. तेवढी जागा आधी मोकळी पाहिजे. म्हणजे नव्वद नाही, एकशे पाच काढायचे."

"अरे, कशाला?" आई म्हणाल्या. "मी एवढी आहे."

"आत्ता आहेस," तो म्हणाला. "तीन महिने राहणार आहेस."

आणि मग त्याने माझ्याकडे बघितलं. मागच्या हौद्याकडे बघितलंही नाही. सहा कॅन, एकेकात एकोणीस-वीस किलो पाणी. मलाही हिशेब येतो.

मी उतरले. ट्रक स्टॉपच्या कडेला गवत होतं, तिथे मी आणि निधीने कॅन ओढत नेले. उभ्या जन्मात मी स्वच्छ पाणी असं जमिनीवर ओतलं नव्हतं. पहिला कॅन आडवा केला. भडभड वाहत गेलं आणि गवतात दिसेनासं झालं. मागे बघितलं तर आई खिडकीची काच खाली करून बघत होत्या.

"अगं सुवर्णा, एक तरी ठेव," त्या म्हणाल्या. "एवढं पाणी!"

"जाऊ दे," मी म्हटलं आणि सहाच्या सहा रिकामे केले. पाटाही मी तिथेच झाडाखाली ठेवला. तो कोणाला सापडला असेल आणि त्याने त्याचं काय केलं असेल, हा माझा प्रश्न नाही.

पुन्हा रांगेत लागलो, पुन्हा काट्यावर चढलो. चिठ्ठी बघून प्रल्हादने मान डोलावली, घडी करून खिशात ठेवली आणि ट्रक हायवेला लावला. शेतं मागे जायला लागली. आईंनी शाल काढून बाजूला ठेवली. मनगटं काय बारीक झाली होती! मी पायाशी ठेवलेला डबा उघडला आणि दशम्या मागे धरल्या.

"माझं सकाळीच झालं गं," आई म्हणाल्या.

"आई, पुढेही काटे आहेत," मी म्हटलं.

त्यांनी दोन घेतल्या.